पिकअपच्या ब्रीदरला ऑइल सेपरेटर बसवला, पण त्याआधी जे सापडलं ते जास्त महत्त्वाचं होतं

गाडी माझ्या मावशीच्या यजमानांची, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. राहतात सुदामा नगरला, आणि त्यांची एक डिझेल पिकअप रोज सनावद-बडवाह भागातून मिरची, टमाटर, कधी कांदा भरून भेरूघाट चढून इंदूरला चोइथराम मंडीत येते. २०१८ची बीएस-फोर गाडी, अडीच लिटरचं कॉमनरेल इंजिन, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) सगळं आहे, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. माझ्याकडे आली तेव्हा १ लाख ६२ हजार किलोमीटर झालेली होती आणि वॉरंटी कधीच संपलेली.

मे महिन्यात काकांचा फोन आला, आवाजच उतरलेला. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने टर्बो गेलाय म्हणून सांगितलं होतं आणि ३८ हजारांचा एस्टिमेट दिला होता. का, तर इंटरकूलरचा पाईप काढला तर आतून तेल ठिबकत होतं, ऑइल ४ हजार किलोमीटरला लिटरभर खात होती, घाटात गाडी ओढत नव्हती आणि लोड असताना रेस दिली की मागे निळसर धूर. वरवर बघितलं तर टर्बोच वाटतो. मी म्हटलं काका, पैसे देऊ नका, आधी गाडी माझ्याकडे पाठवा, दोन दिवस द्या फक्त.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या बाजूनं निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि तेल असतं त्या भागात, उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा खूप जास्त, म्हणून नव्या इंजिनातही हा प्रकार असतो. हा वायू बाहेर काढला नाही तर चेंबरमध्ये प्रेशर बनतं आणि सील, पॅकिंग, तेल मोजायच्या गेजची पत्ती, जिथून वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतं. तो बाहेर काढायची वाट म्हणजे ब्रीदर. अगदी जुन्या गाड्यांत ब्रीदरचा पाईप सरळ खाली रस्त्याकडे सोडलेला असायचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धुराच्या त्रासामुळे हा वायू परत इंजिनातच नेऊन जाळायची पद्धत सुरू झाली आणि आज आपल्या गाड्यांतही टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, निघालेला पाईप एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाईपाला जोडलेला असतो. अडचण अशी की त्या वायूबरोबर तेलाचं अगदी बारीक धुकं येतं. ते टर्बोच्या पंख्यावर बसतं, इंटरकूलरमध्ये साचतं, आणि पुढे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये ईजीआरची काजळी भेटली की दोघांचं मिळून डांबर होतं. तिथलं प्रेशर मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर तेच बसतं आणि मग बूस्टचं, म्हणजे टर्बोने दिलेल्या प्रेशरचं, रीडिंग चुकायला लागतं.

म्हणून इंटरकूलरमध्ये तेल दिसलं की टर्बो गेला असं लगेच म्हणता येत नाही, आधी ते तेल कुठून सुरू होतंय ते बघावं लागतं. आम्ही एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाईप काढला आणि आत बोट फिरवलं. फिल्टरकडची बाजू एकदम कोरडी, आणि ब्रीदरचा पाईप जिथे येऊन मिळतो बरोबर तिथूनच ओलं सुरू. तो ओलेपणा टर्बोच्या आधीचा आहे, मग त्यात टर्बोचा काय दोष? पंख्याच्या शाफ्टला हात लावून बघितलं, बाजूला जरासा हलतो जो हलायलाच पाहिजे, मागेपुढे काहीच नाही, पाती शाबूत. तरी खात्री पाहिजे म्हणून सगळे पाईप पुसून कोरडे केले, ब्रीदरचा पाईप काढून एका रिकाम्या कॅनमध्ये सोडला, टर्बोकडचं तोंड बंद केलं आणि गाडी भरून सिमरोलपर्यंत जाऊन आलो. परत येऊन उघडलं तर टर्बोच्या आधीही कोरडं आणि नंतरही कोरडं. आमचे उस्ताद, ज्यांनी ३० वर्षं डिझेलच केलंय, ते एवढंच म्हणाले, "भिया, टर्बो को हाथ मत लगाओ।"

तेल ब्रीदरमधून येतंय हे नक्की झालं. पण इतकं का येतंय? इथेच बहुतेक लोक घाई करतात, बाजारातून एक चकचकीत कॅन, म्हणजे ब्रीदरच्या वायूतलं तेल अडवणारा सेपरेटर, आणतात, लावतात आणि मोकळे होतात. ब्लो-बाय जास्त असेल तर कॅन फक्त लवकर भरेल, इंजिनाचं दुखणं तसंच राहील. म्हणून मी आधी चेंबरचं प्रेशर मोजायचं ठरवलं.

त्यासाठी महागडं मशीन लागत नाही हे मला आवर्जून सांगायचंय. गवंडी लोक लेव्हल काढायला जो पारदर्शक पाईप वापरतात तो ४ मीटर घेतला, प्लायच्या तुकड्यावर इंग्रजी यू सारखा वळवून क्लिपांनी ठोकला, मागे शाळेतली पट्टी चिकटवली आणि निम्म्यापर्यंत हळद घातलेलं पाणी भरलं म्हणजे नीट दिसतं. एक टोक हवेला मोकळं, दुसरं टोक इंजिनाला. गेजच्या नळीवर जोडू नका, कारण कितीतरी इंजिनांत ती नळी खाली तेलात बुडलेली असते आणि मग रीडिंग खोटं येतं. आम्ही ऑइल भरायच्या जुन्या झाकणाला भोक पाडून एक पितळी नोझल बसवलं आणि त्यावर पाईप चढवला. एका बाजूचं पाणी ११ मिलिमीटर खाली गेलं आणि दुसऱ्या बाजूचं ११ वर चढलं तर प्रेशर २२ मिलिमीटर पाणी. साधारण १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिबार, हिशोबाला सोपं. ब्रीदर टर्बोच्या पाईपाला जोडलेलाच ठेवून मोजायचं, टर्बोची ओढ पण त्यात धरायला हवी.

आयडलवर २२ आलं. अडीच हजार रेसवर ६०. मग पाईप लांब करून केबिनमध्ये आणला, ड्रायव्हर दादांनी भरलेली गाडी भेरूघाटात चढवली आणि मी मांडीवर फळी उभी धरून बसलो, पाणी डचमळत होतं तरी ११० च्या आसपास दिसत होतं. माझा जीवच खाली गेला. इतकं म्हटल्यावर पहिला विचार रिंग-पिस्टनचाच येतो आणि काकांना तो खर्च झेपणार नव्हता, सीझनचे दिवस, माल शेतात तयार, गाडी दहा-बारा दिवस उभी राहिली तर शेतकरी दुसऱ्याला धरतो.

ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन घेतलं. चारही सिलेंडर २६ ते २७ बार, एकमेकांत फरक जवळजवळ नाही. इंजेक्टरच्या तांब्याच्या वॉशरांजवळ काळं चिकट काही नाही, म्हणजे तिथूनही गॅस निसटत नाहीये. मग हे प्रेशर येतंय कुठून, एक अख्खी दुपार आम्ही दोघं त्या इंजिनाकडे बघत होतो.

उत्तर मिळालं ते चहाच्या टपरीवर. दादा बोलता बोलता म्हणाले की घाट उतरताना दोन-चारदा ब्रेक मारले की पेडल जरा कडक लागतं, पण ब्रेक लागतो म्हणून मी बोललो नाही. उस्तादांनी ग्लास तिथेच ठेवला आणि उठले. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, या गाडीत तो अल्टरनेटरच्या मागे आहे. हा पंप बूस्टरमधली हवा ओढतो आणि ती हवा वंगणाच्या तेलाबरोबर सोडतो कुठे, तर चेंबरमध्येच. बूस्टर आणि होज टाइट असेल तर एकदा व्हॅक्यूम बनला की पंपाला ओढायला फारसं काही उरत नाही. पण होजला चीर असेल तर पंप दिवसभर बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये भरत राहतो. ती हवा ब्रीदरमधूनच बाहेर जाणार आणि जाताना तेलाचं धुकं बरोबर नेणार.

इंजिन आयडलवर ठेवून पंपाच्या तोंडाशी होज चिमट्याने दाबला आणि माझी नजर पाण्यावर. २२ वरून पाणी सावकाश सरकत ८ वर येऊन थांबलं. चिमटा सोडला, परत २२. दाबला, ८. आम्ही चार-पाच वेळा केलं, गरज नव्हती तरी केलं, इतका आनंद झाला होता. होज बाहेर काढून वाकवला तर क्लिपच्या खाली, जिथे वरून दिसतच नाही, तिथे नखाएवढी चीर. नवीन होज आणि नवीन वन-वे व्हॉल्व्ह टाकला, फार तर सहा-सातशे रुपये. घाटात परत मोजलं तर ११० चं ६० झालं.

६० सुद्धा मला जास्त वाटत होतं म्हणून टॅपेट कव्हर उतरवलं. त्याच्या आत तेल अडवायला एक जाळी आणि पत्र्याचे पडदे असतात, ते दीड लाख किलोमीटरच्या काळ्या गाळाने बुजलेले होते. डिझेलमध्ये रात्रभर भिजत घातलं, दुसऱ्या दिवशी हवेने फुंकलं, नवीन पॅकिंग टाकून बसवलं. घाटात ३५. इंटरकूलर उतरवून उलटा केला तर वाटीभर तेल निघालं, तो आधी डिझेलने मग साबणाच्या पाण्याने धुतला आणि दोन दिवस उन्हात ठेवला. इथे घाई अजिबात करू नका. आत तेल किंवा डिझेल राहिलं आणि ते एकदम इंजिनाने ओढलं तर गाडी स्वतःच्या तेलावर पळायला लागते, चावी बंद केली तरी थांबत नाही, रेस वाढतच जाते. तेव्हा टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून बंद पाडायची नाहीतर हवेचं तोंड दाबायचं, तेही हाताने नाही, फळीने. ईजीआर आणि मॅनिफोल्ड पण साफ केलं, त्यातला गाळ खरवडून काढायला दीड दिवस गेला.

आता काका म्हणाले सगळं ठीक झालं ना, मग तो सेपरेटर कशाला? रास्त प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की चांगल्या इंजिनातूनही थोडं धुकं येणारच, ही गाडी रोज भरून घाट चढते, आणि ईजीआर असलेल्या इंजिनात ते थोडंसुद्धा दीड-दोन लाख किलोमीटरमध्ये मॅनिफोल्ड बुजवतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. दुसरा एक उपाय सगळे सांगतात की पाईप काढून खाली रस्त्याकडे सोडून द्या, फुकटात काम. मी ते करत नाही. तेल रस्त्यावर पडतं, मागून येणारा दुचाकीवाला घसरेल, सिग्नलला उभं राहिलं की केबिनमध्ये वास, आणि आपल्या शहरात लोक रस्ता स्वच्छ ठेवायला इतकी मेहनत घेतात तिथे आपण तेल सांडत फिरायचं हे मला पटत नाही.

कॅन घेताना आतमध्ये काय आहे ते उघडून बघा. हजार-बाराशेत मिळणारे बरेचसे नुसते रिकामे डबे असतात, एका तोंडातून वायू आला आणि दुसऱ्यातून गेला, मोठे थेंब पडतील पण धुकं तसंच पुढे जातं. आम्ही फिल्टर एलिमेंटवाला घेतला, साडेआठ हजारांचा. त्याच्या आत बारीक तंतूंचं जाड एलिमेंट असतं, धुक्याचे कण तंतूंवर अडकतात, एकमेकांना मिळून थेंब होतात आणि वजनाने खाली गळतात. आणि वर एक सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिजेच, एलिमेंट चोक झालं तर प्रेशर तिथून सुटतं, नाहीतर क्रँकचं ऑइल सील फेकलं जाईल.

बसवायला जागा शोधण्यातच अर्धा दिवस गेला. टर्बो आणि सायलेन्सरच्या पाईपापासून लांब, बॉनेट लागायला नको, आणि ब्रीदरपासून कॅनपर्यंत पाईपाला उतार पाहिजे, मध्ये पोट सुटलेलं चालत नाही कारण त्या खोलगट भागात तेल-पाणी साचून वाट बंद होते. शेवटी फायरवॉलजवळ ३ मिलिमीटरच्या पत्र्याचं ब्रॅकेट रबर बुश लावून बॉडीला बसवलं. बॉडीला बसवलं म्हणजे इंजिन हलतं आणि कॅन हलत नाही, म्हणून पाईपाला थोडी ढील ठेवली. खालच्या ड्रेनचं तेल परत चेंबरमध्ये न्यायचं की बाटलीत जमवायचं यावर उस्ताद आणि माझं जमेना, ते म्हणत होते चेंबरला जोड, तेल वाया कशाला. पण ती लाइन तेलाच्या लेव्हलच्या खाली नेली नाही किंवा वन-वे व्हॉल्व्ह नीट नसला तर चेंबरमधला वायू उलटा ड्रेनमधून वर चढतो आणि एलिमेंटला चुकवून निघून जातो. शिवाय त्या तेलात पाणी असतं. मी बाटली आणि खाली बॉल व्हॉल्व्ह लावला, दर रविवारी रिकामी करायची. गाडी चालवून घाटात मोजलं तर ३५ चं ४५ झालं होतं. एलिमेंट म्हटलं की थोडा अडथळा येणारच, ४५ मला मान्य होतं.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. कॅनपासून टर्बोकडे जाणारा पाईप मापाचा मिळेना म्हणून मी गॅरेजमध्ये पडलेला रेडिएटरचा नवीन होज कापून लावला, म्हटलं रबर ते रबर. बाराव्या दिवशी पहाटे चार वाजता दादांचा सिमरोलच्या पुढून फोन, तेलाचा वास येतोय आणि बॉनेटखाली तेल उडालंय. शहाणा माणूस, लगेच गाडी बाजूला घेतली होती. जाऊन बघतो तर तो होज आतून फुगून लोण्यासारखा मऊ झालेला, चढावर टर्बोच्या ओढीने दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या, वाट बंद, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून तेलाची फुंकर बॉनेटवर. रेडिएटरचा होज पाण्यासाठी बनवलेला असतो, त्याचं रबर तेलाला टिकत नाही, हे मला माहीत असून मी आळस केला. व्हॉल्व्ह नसता तर सील गेलंच होतं. माल दुसऱ्या गाडीत भरून मंडीत पोहोचवला, त्याचं भाडं मी दिलं, काका नको नको म्हणत होते तरी दिलं. मग ट्रान्सपोर्ट नगरमधून आतून नायट्राइल रबर आणि मध्ये दोऱ्याचं विणकाम असलेला ऑइल होज आणला, जाड भिंतीचा, दोन बोटांनी जोरात दाबला तरी पूर्ण मिटत नाही असा. साधा सिलिकॉनचा रंगीत पाईप पण नको, दिसायला छान पण त्यातून तेल झिरपतं.

त्यानंतर मात्र गाडी नीट चालली. दादा दर रविवारी बाटली काढून औषधाच्या मापाने मोजतात आणि डायरीत लिहितात, मी सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः सुरू केलं. आठवड्याला साधारण ९०० किलोमीटर होतात आणि बाटलीत ३५ ते ४० मिलिलिटर मिळतं. ऑइलचं टॉपअप आता ९ हजार किलोमीटरला लिटरभर लागतं. पण इथे खरं सांगायला हवं, हा फायदा सेपरेटरचा नाही, होज बदलल्याचा आणि जाळी धुतल्याचा आहे. बाटलीतलं तेल इंजिनातूनच गेलेलं आहे, फक्त इंटरकूलरमध्ये जायच्या ऐवजी बाटलीत पडलं. ॲव्हरेज वाढतं असंही विकणारे सांगतात, आमच्या गाडीत ईजीआर साफ केल्यावर थोडं सुधारलं होतं, कॅन लावल्यावर त्यात काही फरक पडला नाही.

जानेवारीत एक दिवस काका सकाळी सकाळी बाटली घेऊनच गॅरेजला आले, पोहे खाताना सुद्धा समोर ठेवली होती. आत दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं दाट काहीतरी. त्यांना कोणीतरी हेड गॅस्केट गेलं सांगितलं होतं. मी रेडिएटरची पाण्याची लेव्हल दाखवली, तसूभर कमी नव्हती, गेजची पत्ती काढून दाखवली, त्यावर स्वच्छ काळं तेल. ब्लो-बायमध्ये पाण्याची वाफ असतेच, थंडीत ती कॅनच्या गार भिंतीवर पाणी होते आणि तेलात घुसळली जाते. आधीही ती असायचीच, फक्त टर्बोमधून निघून जायची म्हणून दिसत नव्हती. हेच पाणी चेंबरमध्ये परत गेलं असतं, हे उस्तादांनीही त्या दिवशी मान्य केलं.

त्याच वेळी २६ हजार किलोमीटर झाले होते म्हणून परत हळदीचं पाणी लावलं. घाटात ८०. नवीन एलिमेंट टाकलं, परत ४५. कंपनी काहीही किलोमीटर सांगू दे, मी आता मोजूनच बदलतो, कारण डोंगरात भरून चालणारी गाडी आणि हायवेवर रिकामी पळणारी गाडी यांचं एलिमेंट सारखं चोक होत नाही. इंटरकूलरचा पाईपही उघडला, जिथून मे महिन्यात तेल ठिबकत होतं तिथे आता तव्याला तेलाचा हात फिरवल्यावर राहतो तेवढाच ओशटपणा. मॅनिफोल्डमध्ये काजळी होती, ईजीआर आहे म्हटल्यावर ती येणारच, पण कोरडी होती, ब्रशने झटकली की पडत होती.

काकांचं बघून त्यांच्या व्याह्यांनी गेल्या आठवड्यात त्यांची पिकअप आणली, साडेतीन लाख चाललेली, म्हणाले यालाही तसाच डबा लावून द्या. फळी लावली, बूस्टरचा होज दाबला तरी पाणी हललं नाही, अडीच हजार रेसवर १४०, आणि तिसऱ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन १९ बार. त्यांना सेपरेटर विकला नाही. सोमवारी हेड उघडतोय, बोअर बघून पुढचं ठरवू.